कांद्याचे पापुद्रे आणि मुंगीची चाल

सप्टेंबर २०११ मधली गोष्ट. इराणमध्ये ‘टॉर’ वापरून इंटरनेट पाहणाऱ्या हजारो लोकांचं कनेक्शन एका संध्याकाळी अचानक तुटलं. तेहरानला घरात बसलेल्या माणसाला वाटलं मोडेम बिघडला, कुणाला वाटलं अँटीव्हायरस आड येतोय. प्रत्यक्षात सरकारने सीमेवरच्या राउटरमध्ये एक छोटा नियम घातला होता. टॉरची वाहतूक साध्या बँकेच्या किंवा ईमेलच्या सुरक्षित साइटसारखी दिसावी अशी रचना होती. पण साध्या साइटचं प्रमाणपत्र तेव्हा साधारण वर्षभर चालत असे आणि टॉरचं फक्त दोन तासांचं होतं. इराणच्या यंत्रणेने नेमकी ही तारीख पाहायला सुरुवात केली. मुदत दोन तासांची दिसली की जोडणी तोडायची, संपलं.

उपायही तितकाच साधा निघाला. टॉरच्या लोकांनी प्रमाणपत्राची मुदत वाढवली आणि त्याच दिवशी नवी आवृत्ती दिली. गंमत म्हणजे इराणमधल्या माणसाला काहीच करावं लागलं नाही. जगभरातल्या स्वयंसेवकांनी आपापले सर्व्हर अपडेट केले आणि तेहरानचा संगणक पुन्हा बोलू लागला.

हा किस्सा मुद्दाम आधी सांगितला. ‘टॉर चालत नाही’, ‘प्रॉक्सी फार स्लो आहे’, ‘कनेक्ट होतं पण पेज उघडत नाही’ अशा तक्रारी आपण यंत्राच्या तक्रारी समजतो. बहुतेक वेळा त्या असतातही. पण गेल्या तीस वर्षांचा इतिहास चाळला की लक्षात येतं, यातल्या कितीतरी बिघाडांमागे एक राजकीय निर्णय उभा आहे. आणि जे बिघाड खरोखर तांत्रिक आहेत, त्यातले अर्धे जाणूनबुजून पत्करलेले आहेत. अनामिक राहायचं तर थोडं सावकाश चालावं लागतं, हा सौदा पहिल्या दिवसापासून ठरलेला होता.

आधी हे लपवायचं म्हणजे नेमकं काय लपवायचं? पत्रातला मजकूर लपवण्याची विद्या जुनी आहे. नवव्या शतकातल्या बगदादमध्ये अल-किंदी या तत्त्वज्ञाने सांकेतिक लिपी फोडण्यावर ग्रंथ लिहिला. कोणतं अक्षर किती वेळा येतं हे मोजून गुपित उलगडता येतं, हे लिखित स्वरूपात मांडणारा तो पहिला माणूस मानला जातो. त्याच्या ग्रंथाची प्रत विसाव्या शतकात इस्तंबूलमध्ये पुन्हा हाती लागली. पण अल-किंदीने पाकिटाच्या आतलं वाचायला शिकवलं. आजच्या सरकारांना आणि कंपन्यांना पाकीट उघडण्याची फारशी गरज उरलेली नाही. कुणी, कुणाला, कधी, किती वेळा पाठवलं एवढं कळलं तरी पुरतं. अमेरिकेच्या एनएसए आणि सीआयए या दोन्ही संस्थांचे माजी प्रमुख मायकेल हेडन यांनी २०१४ मध्ये एका जाहीर चर्चेत कबूल केलं होतं, की आम्ही मेटाडेटाच्या आधारे माणसं मारतो. येमेन आणि वझिरिस्तानवर ड्रोन घिरट्या घालत होते तेव्हाची ही वाक्यं आहेत. त्यामुळे पाकिटावरचा पत्ता लपवणं हा केवळ हौशी लोकांचा छंद आहे, असं निदान मला तरी म्हणता येत नाही.

पत्ता लपवण्याची पहिली शास्त्रशुद्ध कल्पना डेव्हिड चॉम या अमेरिकन संशोधकाने १९८१ मध्ये मांडली. त्याने सुचवलं, की पत्र थेट पाठवू नका, मध्ये एक ‘मिक्स’ ठेवा. हा मिक्स अनेकांची पत्रं गोळा करेल, त्यांच्यावरचं एक आवरण काढेल, त्यांचा क्रम पिसेल आणि मग पुढे धाडेल. बाहेरून पाहणाऱ्याला आत गेलेलं कोणतं पत्र बाहेर आलेलं कोणतं, हे कळणार नाही. त्यासाठी पुरेशी पत्रं जमेपर्यंत थांबावं लागे. म्हणजे इथे संथपणा हा दोष नव्हता, सुरक्षिततेचं साधनच ते होतं. या पद्धतीवर बेतलेल्या ईमेल सेवांमध्ये पत्र पोहोचायला कधी कधी तास लागत. ईमेलला ते चालतं. वेबपेजला चालत नाही.

नव्वदच्या दशकात सोपा मार्गही आला होता, तो म्हणजे मध्ये एकच माणूस ठेवायचा. फिनलंडच्या जोहान हेलसिंगियस यांनी १९९३ मध्ये हेलसिंकीतून अशी सेवा सुरू केली. तुमचं ईमेल त्यांच्याकडे जाई, ते नाव पुसून पुढे पाठवत. लाखो लोकांनी ती वापरली. वेगही ठीक होता. पण खरं नाव आणि टोपणनाव यांची यादी एकाच संगणकात होती. सायंटॉलॉजी चर्चने पोलिसांमार्फत एका वापरकर्त्याचं नाव मिळवलं आणि त्यानंतर सुमारे दीड वर्षाने, १९९६ मध्ये, हेलसिंगियस यांनी सेवा स्वतःहूनच बंद केली. माणूस प्रामाणिक होता, तरी रचना कच्ची होती. आज जो कुणी ‘फ्री प्रॉक्सी’ची साइट उघडतो किंवा अनोळखी कंपनीचं व्हीपीएन घेतो, तो नेमक्या याच जागी उभा असतो. वेग मिळतो, कारण मध्ये एकच टप्पा आहे. आणि धोका असतो, तोही त्याच कारणाने.

या दोन टोकांच्या मधला रस्ता शोधला अमेरिकेच्या नौदलाने. वॉशिंग्टनच्या नेव्हल रिसर्च लॅबोरेटरीत पॉल सिव्हरसन, मायकेल रीड आणि डेव्हिड गोल्डश्लॅग यांनी १९९५ च्या सुमारास ‘ओनियन राउटिंग’वर काम सुरू केलं. कांद्याला जसे पापुद्रे असतात तसे संदेशावर एन्क्रिप्शनचे थर चढवायचे. वाटेतला प्रत्येक सर्व्हर एक थर सोलतो, त्याला फक्त मागचा आणि पुढचा माहीत असतो. चॉमच्या मिक्ससारखं थांबायचं मात्र नाही, आलेलं लगेच पुढे ढकलायचं. वेबसाठी हे जमण्यासारखं होतं. सुरुवातीच्या नमुन्याचे पाचही नोड लॅबमधल्या एकाच मशीनवर चालत. पुढे एक विचित्र पेच आला. हे जाळं फक्त नौदलाने वापरलं, तर त्यातून येणारा प्रत्येक माणूस नौदलाचाच, हे शत्रूला आपोआप कळणार. गुप्तहेराला लपायला गर्दी हवी, आणि गर्दी हवी तर दार सगळ्यांना उघडं ठेवावं लागतं. म्हणून ज्या देशाची लष्करी यंत्रणा जगावर नजर ठेवते, त्याच देशाच्या पैशातून नजर चुकवण्याचं साधन जन्मलं आणि ते मोफत वाटलं गेलं. पुढेही बराच काळ टॉरच्या निधीचा मोठा वाटा अमेरिकन सरकारकडूनच येत राहिला. काहींना यात कट दिसतो. मला वाटतं, यात सत्तेची एक जुनी खोड दिसते. तिला हत्यार स्वतःसाठी हवं असतं आणि ते दुसऱ्याच्या हातात गेलं की झोप उडते. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने जी कागदपत्रं उघड केली, त्यांत एनएसएचं टॉरवर वैतागलेलं एक सादरीकरण होतं, ते याचंच उदाहरण.

ऑक्टोबर २००२ मध्ये टॉरचं सार्वजनिक जाळं सुरू झालं. रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन हे दोन तरुण प्रोग्रॅमर सिव्हरसनसोबत आले. २००३ संपताना स्वयंसेवकांचे नोड जेमतेम डझनभर होते, बहुतेक अमेरिकेत आणि एक जर्मनीत. २००४ मध्ये तिघांनी मिळून रचनेचा निबंध प्रसिद्ध केला. २००६ मध्ये टॉर प्रोजेक्ट ही ना-नफा संस्था स्थापन झाली.

आता वेगाचा हिशेब करू. टॉरचं सर्किट साधारण तीन रिलेंचं असतं. समजा नागपूरचा एक वाचक मुंबईतच ठेवलेली एखादी साइट टॉरमधून उघडतो आहे. त्याचा पहिला रिले फ्रँकफर्टला, दुसरा न्यूयॉर्कला, तिसरा ॲमस्टरडॅमला. टॉरचे बरेचसे रिले जर्मनी, अमेरिका, नेदरलँड्स अशा मोजक्या देशांत आहेत, तेव्हा ही कल्पना अगदीच हवेतली नाही. सरळ रेषेत मोजलं तरी जायला सुमारे पंचवीस हजार किलोमीटर, तितकेच परत. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे एका हेलपाट्याला किमान पाव सेकंद, तोही रस्त्यात कुणीच अडवलं नाही तर. एक पेज उघडायला असे अनेक हेलपाटे लागतात. हा उशीर कुठलंही सेटिंग बदलून जात नाही.

पण जुन्या टॉरचा संथपणा यापेक्षा कितीतरी जास्त होता, आणि त्याचा दोष प्रकाशाच्या वेगावर ढकलता येत नाही. ज्यांनी २००६-०७ च्या काळात ते वापरलं त्यांना आठवत असेल. टॉर वेगळं, त्याला चालू-बंद करणारं व्हिडालिया वेगळं, फायरफॉक्समध्ये टॉरबटण आणि मध्ये प्रिव्हॉक्सी नावाचा आणखी एक प्रॉक्सी. हा प्रिव्हॉक्सी पेज गाळून देत असे, त्यासाठी आधी अख्खं पेज स्वतःकडे घेई. वापरणाऱ्याला पांढरा पडदा दिसत राही, मग एकदम सगळं उमटे. नंतर त्याच्या जागी पॉलिपो आला, जो येईल तसं पुढे देत असे. पण हा मधला प्रॉक्सी मुळात हवाच कशाला होता? कारण फायरफॉक्समध्ये एक जुना बग होता. सॉक्स प्रॉक्सीकडून उत्तर यायला उशीर झाला की ब्राउझर ठराविक वेळाने हात टेकत असे, आणि टॉरचं उत्तर तर उशिराच येणार. टॉरच्या लोकांनी अखेर स्वतःच्या ब्राउझरमध्ये तो बग दुरुस्त केला आणि मधला माणूस काढून टाकला. आजच्या टॉर ब्राउझरमध्ये हे सगळं एकाच पाकिटात येतं. त्यामुळे नव्या वाचकाला या कसरतींची कल्पना येणार नाही.

त्याच काळातली आणखी एक चूक फार महागात पडे. प्रॉक्सीचा पत्ता ब्राउझरमध्ये भरला, पण साइटच्या नावाचा शोध, म्हणजे डीएनएस, मात्र थेट घरच्या इंटरनेट कंपनीकडून होत राही. पेज टॉरमधून उघडे, पण कोणतं पेज मागितलं हे कंपनीला आधीच कळलेलं असे. बुरखा घालून नाव मात्र मोठ्याने सांगायचं, असा तो प्रकार. टॉरच्या लॉगमध्ये याबद्दल इशारा येत असे. लॉग कोण वाचतो!

मार्च २००९ मध्ये डिंगलडाइन आणि स्टीव्हन मर्डोक यांनी एक दस्तऐवज लिहिला. विषय सरळ होता, टॉर संथ का आहे आणि आपण त्याचं काय करणार. स्वतःच्या मालातले दोष इतक्या मोकळेपणाने मांडणारं लेखन संगणकाच्या दुनियेत कमी सापडतं. त्यांनी सहा कारणं दिली. त्यातली तीन मला इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची वाटतात.

पहिलं गर्दी हाताळण्याचं. दोन रिलेंच्या मध्ये अनेक लोकांची वाहतूक एकाच टीसीपी जोडणीतून जाते. एकाचं एक पाकीट हरवलं की ते पुन्हा येईपर्यंत बाकी सगळे खोळंबतात. अरुंद बोळात एकाची हातगाडी उलटली की मागची सगळी वरात थांबते, तसं. शिवाय प्रत्येक सर्किटवर एका वेळी वाटेत किती माल असू शकतो, यावर ठराविक मर्यादा होती. ५१२ बाइटचे एक हजार तुकडे, म्हणजे सुमारे अर्धा एमबी. तो पोहोचल्याची पावती येईपर्यंत पुढचा माल नाही. पावतीला एक सेकंद लागत असेल तर तुमच्या घरी कितीही जाड फायबर असो, सेकंदाला अर्ध्या एमबीपेक्षा जास्त मिळणार नाही. आणि रिलेवर आधीच गर्दी असेल तर तीच मर्यादा फार मोठी ठरे, तुंबलेल्या ठिकाणी आणखी माल येऊन पडे. एकच आकडा, दोन्ही बाजूंनी चुकीचा. ही गोष्ट २००४ पासून ठाऊक होती आणि ती नीट दुरुस्त व्हायला २०२२ उजाडलं.

दुसरं कारण टॉरेंटचं. कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये एका बाहेर पडणाऱ्या रिलेवरची वाहतूक मोजली. जोडण्यांपैकी सुमारे तीन टक्के बिटटॉरेंटच्या होत्या, पण बँडविड्थचा चाळीस टक्के भाग त्या खात होत्या. सिनेमे उतरवणाऱ्या मूठभर लोकांमुळे एखाद्या पत्रकाराचं ईमेल अडकून राही. नावात ‘टॉर’ असल्यामुळे टॉर म्हणजे टॉरेंटचंच काहीतरी, असा समज आपल्याकडेही कमी नाही. टॉरेंटचे बरेच प्रोग्रॅम स्वतःचा खरा आयपी पत्ता संदेशातच लिहून पाठवतात, त्यामुळे तिथे लपणंही होत नाही. दुसऱ्याचं नुकसान आणि स्वतःचा फायदा शून्य.

तिसरं कारण मात्र थेट इराणकडे नेतं. टॉर सुरू झाल्यावर आधी जगातल्या सगळ्या रिलेंची माहिती उतरवून घेतो. जाळं वाढलं तशी ही यादी फुगली. ब्रॉडबँडवाल्याला काही वाटत नसे, पण इराणमध्ये २००६ पासून सरकारी आदेशाने घरगुती इंटरनेटला १२८ केबीपीएसची मर्यादा होती. तेहरानचा माणूस पहिलं पेज उघडण्याआधीच यादी उतरवण्यात थकून जाई. पुढे टॉरने यादी छोट्या वर्णनांची केली आणि सर्वांत गरजू लोकांची सोय झाली.

इराणने वेग हेच शस्त्र केलं, असं म्हणावं लागेल. साइट बंद केली की बातमी होते. वेग कमी केला की लोक कंपनीला शिव्या देतात. २०१३ मध्ये कॉलिन अँडरसन या संशोधकाने मोजमाप करून दाखवलं, की आंदोलनं आणि तणावाच्या काळात इराणमधला वेग पद्धतशीरपणे खाली आणला जात असे. दिवा विझवायचा नाही, वात मंद करायची. फेब्रुवारी २०१२ मध्ये, क्रांतीच्या वर्धापनदिनाच्या तोंडावर, एन्क्रिप्ट केलेली वाहतूकच मोठ्या प्रमाणात अडवली गेली. तेव्हा टॉरने ऑब्फसप्रॉक्सी नावाचं अर्धवट तयार साधन घाईने लोकांच्या हाती दिलं. त्याने वाहतूक कशासारखीच दिसेना, नुसता कचरा वाटे.

अरब देशांत चित्र वेगळं होतं. ट्युनिशियात बेन अलींच्या काळात बंदी घातलेली साइट उघडली की ‘४०४, पेज सापडलं नाही’ असा साळसूद संदेश येई. लोकांनी त्या अदृश्य सेन्सॉरला नावच ठेवलं, ‘अम्मार ४०४’. जणू कुणी अम्मार नावाचा कारकून बसून पानं गायब करतोय. प्रॉक्सी ही तिथली रोजची सवय झाली. ब्लॉगर स्लिम अमामू जानेवारी २०११ मध्ये अटकेत होते आणि त्याच महिन्यात, बेन अली पळून गेल्यावर, क्रीडा व युवक खात्याचे राज्यमंत्री झाले. इतकी नाट्यमय बढती क्वचितच कुणाला मिळाली असेल.

इजिप्तमध्ये २५ जानेवारी २०११ ला तहरीर चौक भरला, ट्विटर अडवलं गेलं आणि टॉर वापरणाऱ्यांचा आकडा चढू लागला. मग २७ तारखेच्या मध्यरात्रीनंतर मुबारक सरकारने देशाचं इंटरनेट जवळपास पूर्ण कापलं. २ फेब्रुवारीपर्यंत कुठलीही प्रॉक्सी, कुठलंही ब्रिज, काहीही उपयोगाचं नव्हतं. वायरच मेलेली असेल तर पापुद्रे कशावर चढवणार? त्या दिवसांत फ्रान्सच्या एफडीएन या छोट्या संस्थेने आपले डायल-अप नंबर इजिप्तसाठी मोकळे केले. जुना किरकिरणारा मोडेम पुन्हा कामाला आला.

चीनने २००९ च्या सप्टेंबरमध्ये टॉरच्या जाहीर यादीतले रिले अडवले, तेव्हापासून यादीत नसलेले ‘ब्रिज’ हा मुख्य मार्ग झाला. चीनची गोष्ट एका वेगळ्या लेखाची आहे, इथे थांबतो.

संथपणाला कंटाळून लोकांनी स्वतःही उपाय काढले. टॉरची सेटिंग फाइल उघडायची आणि सर्किट बांधण्याची मुदत कमी करायची, काही देश वगळायचे, काही ‘फास्ट’ रिले पक्के करायचे, पहिल्या टप्प्याचे रिले वाढवायचे. अशा नुस्ख्यांच्या याद्या वर्षानुवर्षं फिरत राहिल्या. काही तर तीनऐवजी दोनच टप्पे करा म्हणत. थोडा वेग यायचाही. पण टॉरमधली सुरक्षा ही सगळ्यांसारखं दिसण्यात आहे. हजार लोक एकाच पद्धतीने चालत असताना तुम्ही चार ठराविक रिलेंवरूनच जाऊ लागलात, की तुमची चाल ओळखू येते. मुदतीचा प्रश्न टॉरने २०११ पासून स्वतःच सोडवला. प्रोग्रॅम तुमच्या कनेक्शनचा अंदाज घेतो आणि सर्वांत सुस्त वीस टक्के सर्किटं टाकून देतो. आणि पहिल्या टप्प्याचे रिले वाढवणं तर उलटंच आहे. संशोधनातून कळलं, की पहिला रिले वारंवार बदलला की कधी ना कधी तुम्ही हेरगिरी करणाऱ्याच्या रिलेवर जाऊन पडता. म्हणून टॉरने पहिल्या पहारेकऱ्यांची संख्या तीनवरून मुख्यतः एकावर आणली. तो महिनोन्‌महिने तोच राहतो. तो संथ निघाला तर चिडचिड होते, हे खरं.

ऑगस्ट २०१३ मध्ये वेगळीच आफत आली. टॉर वापरणाऱ्यांचा आकडा काही आठवड्यांत दहा लाखांच्या आतून पन्नास लाखांच्या पुढे गेला. स्नोडेनमुळे लोक जागे झाले, असा अंदाज काहींनी बांधला. प्रत्यक्षात तो एका बॉटनेटचा प्रताप होता. मेवेड किंवा सेफ्निट नावाने ओळखला जाणारा हा व्हायरस लाखो विंडोज मशीनमध्ये गुपचूप टॉर बसवत होता. बिचाऱ्या मालकांना पत्ताही नव्हता. रिलेंचे प्रोसेसर नव्या सर्किटांचं गणित करता करता दमले. सुटका झाली ती नव्या आवृत्तीतल्या हलक्या गणितामुळे. रिलेंनी नव्या पद्धतीच्या विनंत्यांना आधी वाट द्यायला सुरुवात केली आणि बॉट जुन्या आवृत्तीवर असल्याने मागे पडले. मायक्रोसॉफ्टनेही आपल्या साफसफाईच्या साधनातून ते जुने टॉर काढून टाकले.

मग ‘स्नोफ्लेक’ आलं. यात तुमच्या-माझ्यासारख्याचा ब्राउझरच थोडा वेळ प्रॉक्सी होतो. पत्ते इतके येतात-जातात की अडवणाऱ्याला यादी करता येत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये रशियाने टॉर अडवलं आणि स्नोफ्लेकवर झुंबड उडाली. सगळं संथ झालं. प्रॉक्सी तर हजारो होत्या, मग अडत कुठे होतं? शोधता शोधता कळलं, की सगळ्या प्रॉक्सी शेवटी ज्या एका ब्रिज सर्व्हरला येऊन मिळतात, तिथला टॉर प्रोग्रॅम प्रोसेसरचा एकच कोअर वापरतो आणि तो शंभर टक्क्यांवर टेकला आहे. बाकीचे कोअर रिकामे बसलेले. जानेवारी २०२२ मध्ये एकाच ओळखीचे अनेक टॉर शेजारी शेजारी चालवून भार वाटला गेला. आठ महिन्यांनी, महसा अमिनीच्या मृत्यूनंतर इराण पेटला, तेव्हा ही दुरुस्ती कामी आली. तरी ऑक्टोबरच्या सुरुवातीला आकडा धाडकन पडला. स्नोफ्लेकच्या सुरुवातीच्या संदेशाची ठेवण ओळखून इराणने ती अडवली होती. पुन्हा तेच, २०११ च्या दोन तासांच्या प्रमाणपत्रासारखं. ठेवण बदलली गेली.

आपल्या देशाचा विषय टाळून हा लेख संपवता येणार नाही. ५ ऑगस्ट २०१९ पासून काश्मीरचं इंटरनेट बंद होतं. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ते परत आलं, पण टूजी वेगाने आणि सरकारने मंजूर केलेल्या मोजक्या साइटपुरतं. आधी १५३ साइट, मग ३०१. लोकांनी व्हीपीएन शोधले. एक चाललं नाही की दुसरं. फेब्रुवारीत पोलिसांनी अशा वापरावर यूएपीएसारख्या कायद्याखाली गुन्हा नोंदवला. टूजीवर आधीच पेज उघडत नाही, त्यावर एन्क्रिप्शनचं ओझं, आणि डोक्यावर कायदा. फोरजी परत आलं ५ फेब्रुवारी २०२१ ला, बरोबर अठरा महिन्यांनी. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात स्टेटसवरून तणाव झाला आणि मोबाइल इंटरनेट बंद झालं, तेव्हा अनेक मराठी घरांना याची पहिली चव मिळाली. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवायला सांगितलं. काही परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच हलवले. त्यामुळे तीच सेवा सिंगापूर किंवा लंडनवरून येऊ लागली, म्हणजे रस्ता लांबला. हेलसिंगियस यांच्या संगणकातली ती यादी आठवते का? ती आता कायद्याने ठेवायची आहे.

हे जाळं फक्त सज्जनांचं नाही, हेही सांगायला हवं. ‘सिल्क रोड’ नावाचा अमली पदार्थांचा बाजार २०११ ते २०१३ याच पापुद्र्यांआड चालला. आंधळं कौतुक करण्यासारखं इथे काही नाही. पण रस्त्यावर चोर चालतात म्हणून रस्ता उखडत नाहीत.

२००९ च्या त्या कागदातलं पहिलं दुखणं २०२२ च्या एप्रिल-मे मध्ये गेलं. नव्या आवृत्तीने ठराविक मर्यादा काढली आणि वाटेत किती वेळ लागतोय ते मोजून माल सोडायला सुरुवात केली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये एकाच वेळी दोन सर्किटांवर वाहतूक वाटण्याची सोय आली. आज टॉरवर व्हिडिओसुद्धा बऱ्यापैकी चालतो, जे २००७ च्या माणसाला सांगितलं असतं तर तो हसला असता.

तरीही ‘कनेक्ट होत नाही’ म्हणून कुणी विचारलं तर आधी संगणकाचं घड्याळ पाहायला सांगावं. टॉरची रिलेंची यादी तासातासाला नवी होते आणि जेमतेम तीन तास चालते. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा सेल संपलेला असेल, तारीख २००२ दाखवत असेल, तर टॉर त्या यादीवर विश्वासच ठेवत नाही आणि अडून बसतो. घड्याळ बरोबर असून अडलं, तर ब्रिज किंवा स्नोफ्लेक लावून पाहावं. जोडलं गेलं पण एकच साइट रखडत असेल, तर त्या साइटपुरतं नवं सर्किट मागता येतं, सगळं बंद करून पुन्हा सुरू करायची गरज नसते. आणि साइट उघडायच्या ऐवजी ट्रॅफिक सिग्नलची चित्रं ओळखायला सांगत असेल, तर त्यात तुमच्या यंत्राचा दोष नाही. बाहेर पडणाऱ्या रिलेंचे पत्ते जाहीर असतात, आणि तिथून येणाऱ्या प्रत्येकाला संशयित धरायचं हे त्या साइटने ठरवलेलं असतं.